कंदील, नांगर आणि रविवर्मा : औंधच्या राजानं जमवलेला खजिना आजही टेकडीवर उभा आहे

घरसजावटीची रील्स बघत असाल तर एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली नसेल. खिडकीत ठेवलेली जाड काचेची जुनी फुलदाणी. रील बनवणारा ती हळूच उलटी करतो आणि बुडावर कोरलेलं कारखान्याचं नाव दाखवतो. स्वीडनचं ऑरेफोर्स किंवा फिनलंडचं इट्टाला. नाव असेल तर त्या काचेला भाव, नसेल तर ती साधी फुलदाणी.

जगभरात या जुन्या काचेचे शौकीन आहेत. गंमत म्हणजे ऑरेफोर्स सुरुवातीला काही कलेचं माहेरघर वगैरे नव्हतं. स्वीडनमधल्या जंगलातला तो एक साधा कारखाना होता. तिथं बाटल्या, शाईच्या दौती, खिडक्यांच्या काचा निघायच्या. १९१६ मध्ये कारखान्यानं सिमॉन गेट या चित्रकाराला नोकरीवर घेतलं, पुढच्या वर्षी एडवर्ड हाल्डला. चित्रकार आणि भट्टीवरचे कारागीर एकत्र बसले आणि काही वर्षांत त्याच कारखान्याची काच पॅरिसच्या प्रदर्शनात बक्षीसं मिळवायला लागली.

आता तेच १९१६ साल आपल्याकडचं बघू.

त्याच वर्षी कराडजवळच्या माळावर ओगले बंधूंनी काचेचा कारखाना उभा केला. ओगले ग्लास वर्क्स. तिथून पुढं घराघरात गेला तो प्रभाकर कंदील. कारखान्याभोवती वस्ती झाली आणि तिचं नाव पडलं ओगलेवाडी. आज कराडचं रेल्वे स्टेशन आहे ते याच ओगलेवाडीत.

हा कारखाना ज्या संस्थानच्या हद्दीत होता, त्या संस्थानचा राजा स्वतः चित्रकार होता आणि पक्का संग्राहक होता. त्यानं चित्रं जमवली, मूर्ती जमवल्या, पुस्तकं जमवली. पण नुसत्या वस्तू जमवून तो थांबला नाही. वस्तू घडवणारी माणसंही त्यानं जमवली.

त्याचं नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. सगळे त्यांना बाळासाहेब म्हणायचे. औंधचे राजे.

आधी औंध कुठलं ते सांगतो

औंध म्हटलं की बहुतेकांना पुण्यातलं औंध आठवतं. ते हे नाही. हे औंध सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. यमाईदेवीचं औंध. गावाला लागून डोंगर, डोंगरावर देवीचं मूळपीठ आणि खाली गावात राजवाडा.

पंतप्रतिनिधींचं घराणं मूळचं किन्हईचं. परशुराम त्र्यंबक यांना छत्रपती राजारामांच्या काळात प्रतिनिधीपद मिळालं आणि घराणं नावारूपाला आलं. पुढं मराठेशाही गेली, इंग्रज आले आणि पंतप्रतिनिधींकडं एक छोटं संस्थान उरलं. छोटं म्हणजे किती? सुमारे ७२ गावं. तीही सलग नाहीत. थोडी औंधच्या आसपास, थोडी आटपाडीकडं, थोडी कुंडलच्या बाजूला, आणि गुणदाळचा भाग तर थेट विजापूरकडं. आजच्या हिशोबानं सातारा, सांगली आणि कर्नाटक असा पसारा. त्यातला बराचसा मुलूख कमी पावसाचा. आटपाडीची दुष्काळी माती ज्यांनी पाहिलीय त्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणजे बडोदा किंवा ग्वाल्हेरसारखी तिजोरी इथं नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

२४ ऑक्टोबर १८६८ रोजी बाळासाहेबांचा जन्म झाला. त्या काळात संस्थानिकांची मुलं शिकार आणि घोडेस्वारीत रमायची. बाळासाहेब साताऱ्यात शिकले, पुण्यात डेक्कन कॉलेजात गेले आणि बीए झाले. वडिलांच्या हाताखाली त्यांनी कारभारही पाहिला. पण गादी काही त्यांच्या वाट्याला येणार नव्हती. वडिलांनंतर थोरले बंधू गादीवर बसले, मग पुतण्या. त्या पुतण्याला इंग्रजांनी पदावरून दूर केलं आणि १९०९ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब औंधचे राजे झाले. तेव्हा त्यांचं वय होतं ४१.

पहिला माणूस मिळाला तो नांगरवाला

गादीवर बसून काही महिनेच झाले होते. तिकडं बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर अडचणीत होते. त्यांचा छोटा कारखाना ज्या जागेवर होता ती जागा नगरपालिकेनं खाली करायला सांगितली होती. लोखंडी नांगर बनवणाऱ्या या माणसाला यंत्रं कुठं ठेवायची हाच प्रश्न पडला होता.

लक्ष्मणरावांची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्यांना मुळात चित्रकार व्हायचं होतं. त्यासाठी ते मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखलही झाले होते. पण त्यांना काही रंग ओळखता येत नाहीत हे लक्षात आलं आणि रंगकाम सुटलं. मग ते यांत्रिक ड्रॉइंगकडं वळले.

चित्रकार होता होता राहिलेला हा कारखानदार आणि चित्रं काढणारा राजा यांची ओळख आधीपासून होती. बाळासाहेबांनी लक्ष्मणरावांना आपल्या संस्थानात बोलावलं. कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन दिली, वर भांडवलासाठी कर्जही दिलं. जमीन कसली, निवडुंग आणि साप-विंचवांचं राज्य. १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे. जुन्या कुंडल रोड स्टेशनचं नावही आता किर्लोस्करवाडी आहे.

इथं राजाचा स्वभाव दिसतो. लोखंडी नांगर तेव्हा शेतकऱ्यांच्या गळी उतरत नव्हता. लोखंडानं जमीन खराब होते असा समज होता. अशा मालावर पैसे लावणं म्हणजे जुगारच. पण बाळासाहेबांनी माल पाहिला नाही, माणूस पाहिला.

ओगलेवाडीचंही तसंच. काच बनवणं तेव्हा आपल्याकडं सोपं नव्हतं. वाळू, सोडा आणि चुना एकत्र वितळवायला हजार अंशांच्या कितीतरी वर तापणारी भट्टी लागते आणि ती रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. कंदिलाच्या काचेची तर अजून एक परीक्षा असते. आतून ज्योतीची धग आणि बाहेरून पावसाळी गार वारा. काच नीट सावकाश थंड केलेली नसेल तर पहिल्याच रात्री तडकते. स्वदेशीच्या चळवळीत लोकांना देशी माल हवा होता, पण तडकणारी काच कुणी देशप्रेमापोटी पुन्हा पुन्हा घेत नाही. प्रभाकर कंदील टिकला कारण त्याचा माल टिकला.

ऑरेफोर्समध्ये चित्रकार काचेपर्यंत गेले आणि फुलदाण्या झाल्या. ओगलेवाडीत वीज न पोचलेल्या गावांची गरज काचेपर्यंत गेली आणि कंदील झाले. दोन्हीकडं भट्टी एकच काम करत होती. फरक होता तो गिऱ्हाइकाचा.

राजा हातात ब्रश घेऊन बसायचा

बाळासाहेब नुसते कलेचे आश्रयदाते नव्हते. ते रोज चित्रं काढणारे चित्रकार होते. शिवाय कीर्तनकार होते. सूर्यनमस्कारांचा तर त्यांना ध्यास होता. संस्थानच्या शाळांमध्ये त्यांनी सूर्यनमस्कार लागू केले, १९२८ मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांना या साठी उलटलेल्या तरतरीत राजाचं मोठं कौतुक वाटलं. पुढं १९३८ मध्ये लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंच्या मदतीनं लंडनमध्ये त्यांचं दुसरं पुस्तकही निघालं. आज जगभर योगाच्या वर्गात सूर्यनमस्कार घातले जातात, त्याच्या इतिहासात औंधच्या राजाचं नाव हमखास येतं.

पण आपण चित्रांवर राहू.

१९१६ मध्ये त्यांचं चित्ररामायण प्रसिद्ध झालं. रामकथेतले प्रसंग त्यांनी स्वतः रंगवले होते. मग १९१८ मध्ये त्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेपुढं एक मोठी कल्पना ठेवली. महाभारताच्या देशभर पसरलेल्या हस्तलिखितांची तुलना करून एक शुद्ध, सचित्र आवृत्ती काढायची. नुसती कल्पना सांगून ते घरी गेले नाहीत. एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि आवृत्तीसाठी चित्रंही काढली. १९१९ मध्ये काम सुरू झालं आणि १९६६ मध्ये पूर्ण झालं. जवळपास अर्धं शतक. ते संपलं तेव्हा बाळासाहेब जाऊन १५ वर्षं झाली होती. आज जगात कुठंही महाभारताचा अभ्यास करायचा तर भांडारकरची हीच आवृत्ती उघडावी लागते.

त्यांनी वेरूळ आणि अजिंठ्यावरही पुस्तकं लिहिली. वेरूळचं १९२९ मध्ये, अजिंठ्याचं १९३२ मध्ये. 

आणि माणसं जमवणं चालूच होतं. वेदांचे अभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे स्वतः उत्तम चित्रकार. ते १९१८ मध्ये औंधला आले आणि तिथंच त्यांनी स्वाध्याय मंडळ चालवलं. घरची गरिबी असलेली मुलं शिकण्यासाठी औंधला यायची. साने गुरुजी काही काळ इथं शिकले. आटपाडीजवळच्या शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर इथल्याच शाळेत होते. एका खेड्याएवढ्या राजधानीत ही सगळी मंडळी वेगवेगळ्या वेळी वावरून गेली.

मग टेकडीवर संग्रहालय उभं राहिलं

आयुष्यभर जमवलेला हा खजिना बाळासाहेबांनी राजवाड्यात कडीकुलुपात ठेवला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. संस्थानिक तेच करायचे. पाहुणे आले, दिवाणखान्यात फिरवलं, झालं.

बाळासाहेबांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर, देवीच्या वाटेवर संग्रहालय बांधलं. श्री भवानी चित्रसंग्रहालय.

जागेची निवड बघा. यमाई ही महाराष्ट्रातल्या असंख्य घरांची कुलदेवता. नवस फेडायला, लग्नानंतर दर्शनाला लांबलांबून माणसं येतात. शेतकरी, मजूर, म्हाताऱ्या बायका, कडेवर पोरं. यातलं कुणी मुंबईच्या आर्ट गॅलरीत पाऊल ठेवणारं नव्हतं. पण देवीला जाताना वाटेतच चित्रं असली तर माणूस डोकावणारच.

आत काय आहे? राजा रविवर्मांची मूळ तैलचित्रं आहेत. म. वि. धुरंधरांची चित्रं आहेत. बंगाल शैलीतलं काम आहे. पहाडी, राजपूत, मुघल, मराठा अशा वेगवेगळ्या शैलीतली लघुचित्रं आहेत. हस्तिदंतावरचं बारीक कोरीवकाम आहे. मोठं ग्रंथालय आहे.

शिवाय हेन्री मूरचं एक शिल्प आहे. आई आणि मूल. कलेच्या जगात मूर हे फार मोठं नाव. १९४८ मध्ये व्हेनिसच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात त्याला शिल्पकलेचं आंतरराष्ट्रीय बक्षीस मिळालं. त्याचं काम बघायला लोक लंडन, न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये जातात. आणि एक शिल्प आहे खटाव तालुक्यात, यमाईच्या टेकडीवर.

संग्रहालयात युरोपातल्या गाजलेल्या चित्रांच्या आणि पुतळ्यांच्या प्रतिकृतीही आहेत. आजचा संग्राहक यावर नाक मुरडेल. जुन्या वस्तूंच्या बाजारात अस्सल ते सोनं आणि नक्कल ती माती. फुलदाणी उलटी करून नाव बघतात ते त्यासाठीच. पण इथं हिशोब वेगळा लावावा लागतो. रोमला जाऊन मूळ पुतळा बघणं औंधच्या शाळकरी पोराला या जन्मी शक्य नव्हतं. त्याच्यासाठी चांगली प्रतिकृती हीच खिडकी होती. हा संग्रह विकण्यासाठी जमवलेला नव्हता, दाखवण्यासाठी होता. म्हणून एकाच छताखाली अस्सल रविवर्मा आणि नक्कल युरोप सुखानं नांदतात.

पण दुष्काळी संस्थानात चित्रांवर खर्च कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. आधी म्हटलं तसं, संस्थान गरीब होतं. विहिरी आटत होत्या तिथं राजा चित्रं काय विकत घेतो, असं कुणाच्याही मनात येईल. राजाचा पैसा म्हणजे शेवटी रयतेचाच पैसा.

या प्रश्नाचं उत्तर संग्रहालयाच्या भिंतीवर नाही. ते त्याच १९३८ सालात आहे.

बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत इंग्लंडहून शिकून आले होते आणि गांधीजींच्या विचारांनी भारावले होते. त्यांच्यासोबत होते मॉरिस फ्रिडमन. पोलंडमधले ज्यू इंजिनिअर, म्हैसूर संस्थानातला विजेच्या सामानाचा कारखाना चालवायला आलेले आणि पुढं भारतानंद नावानं ओळखले गेलेले. या मंडळींनी राजापुढं प्रस्ताव ठेवला की सत्ताच लोकांच्या हाती द्यायची.

सत्तरी गाठलेल्या बाळासाहेबांनी होकार दिला. गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटनेचा मसुदा झाला आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंध संस्थानात स्वराज्याची घटना लागू झाली. गावात पंचायत, पंचायतींवर तालुका, त्यावर विधिमंडळ. गावाचा निर्णय गावानं घ्यायचा आणि राजाच्या खासगी खर्चालाही मर्यादा. देश स्वतंत्र व्हायला अजून आठ वर्षं होती. इतर संस्थानांत प्रजा हक्कांसाठी लाठ्या खात होती, तेव्हा औंधचा राजा स्वतःहून खुर्चीवरून बाजूला सरकत होता.

याच प्रयोगातून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभं राहिलं. कैद्यांची खुली वसाहत. भिंती नाहीत, बेड्या नाहीत. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसं शेती करायची, कुटुंबासोबत राहायची. औंधच्या शाळेत शिकलेल्या गदिमांनी या वसाहतीवरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये सिनेमा काढला. 'दो आँखें बारह हाथ'. बर्लिनच्या महोत्सवात त्याला बक्षीस मिळालं. सिनेमा सगळ्यांना माहितीय, त्यामागचं औंध फार थोड्यांना.

म्हणजे संग्रहालय उघडलं त्याच्या पुढच्याच वर्षी या माणसानं राज्य सोडलं. चित्रांवर खर्च झाला हे खरं. पण ती चित्रंही लोकांकडं गेली आणि तिजोरीची किल्लीही. एक दिलं आणि दुसरं दाबून ठेवलं, असं झालं नाही.

पुढं काय झालं?

मार्च १९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याबरोबर पंचायतींचा तो प्रयोगही संपला. ७२ गावं वेगवेगळ्या जिल्ह्यांत वाटली गेली. सातवळेकर स्वाध्याय मंडळ घेऊन गुजरातेत पारडीला गेले. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेबांचं निधन झालं.

राजेरजवाड्यांच्या संग्रहांचं नंतर काय होतं ते आपण पाहतो. वारसांत वाटण्या होतात. दागिने परदेशातल्या लिलावात निघतात, चित्रं कुणाच्या तरी बंगल्यात जाऊन पुन्हा कधी दिसत नाहीत. औंधचा संग्रह मात्र जागेवर राहिला. आज तो महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडं आहे. जो लोकांसाठीच मांडला होता, तो लोकांकडंच राहिला.

किर्लोस्करांचा पसारा वाडीतून जगभर गेला. ओगलेवाडीचा कंदील मात्र विजेपुढं मावळला. आता तो जुन्या घरांच्या माळ्यावर नाहीतर हॉटेलात शोभेला टांगलेला दिसतो. कुणी सांगावं, उद्या त्यालाही ऑरेफोर्सच्या फुलदाणीसारखे शौकीन मिळतील.

बाकी औंध अजून तिथंच आहे. साताऱ्याहून साधारण ४० ते ४५ किलोमीटर. एसटी जाते. निघण्याआधी संग्रहालयाच्या सुट्टीचा वार तेवढा विचारून घ्या. देवीचं दर्शन घ्या आणि डोंगर उतरताना संग्रहालयात जरा वेळ काढा. रविवर्मा तर बघालच, पण त्या हेन्री मूरसमोरही दोन मिनिटं थांबा. लंडनचं तिकीट वाचेल.